नऊ गाईंच्या दुधावरचा ड्रॅगन

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, संडरलंड शहराच्या पश्चिमेला, वेअर नदीच्या काठी फॅटफील्ड नावाची एक वस्ती आहे. नेहमीसारखी विटांची घरं, दारात उभ्या गाड्या, आणि या सगळ्याच्या मध्ये गवतानं झाकलेलं एक टेकाड. त्याचं नाव वर्म हिल. पाच मिनिटांत चढून उतरता येईल एवढंच. पर्यटकांच्या बसगाड्या इथे थांबत नाहीत, आणि थांबल्याच तर फोटो नेमका कशाचा काढायचा हा प्रश्नच आहे. तरीही आम्ही ऑगस्टच्या सुट्टीत लंडनहून अडीचशेच्या वर मैल गाडी हाकत तिथे गेलो. सोबत सौ., पंच्याहत्तरीची आई आणि चौदा वर्षांचे चिरंजीव. त्यातल्या शेवटच्या दोघांत महिनाभर एक भांडण चाललं होतं आणि त्याचा निकाल लावायला याहून योग्य जागा आम्हाला तरी सापडली नसती.

भांडण होतं, ड्रॅगन कशाला म्हणायचं याचं.

चिरंजीव दर शनिवारी चार मित्रमैत्रिणी जमवून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. ज्यांच्या घरी हे खूळ अजून पोचलेलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगायचं तर, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ काढला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि वीस बाजूंचा फासा टाकून कोण जगलं नि कोण मेलं ते ठरतं. म्हणजे कीर्तन आणि सारीपाट एकत्र केल्यासारखं. कीर्तनकार असतात आमचे चिरंजीव. त्यांच्याजवळ एक जाडजूड ग्रंथ आहे, त्यात यच्चयावत प्राण्यांची वर्गवारी आहे, आणि त्या ग्रंथावरची त्यांची श्रद्धा पाहिली की आमच्या आजोबांची दासबोधावरची श्रद्धा आठवते.

एका रात्री जेवताना आईनं सहज विचारलं, "ड्रॅगन म्हणजे आपला नागच ना रे?"

"नो आजी! ड्रॅगनला चार पाय आणि दोन पंख पाहिजेत. दोनच पाय असले तर तो वायव्हर्न. पंख नसले तर ड्रेक. पाय पण नाहीत, पंख पण नाहीत, तो नुसता वर्म. नागा वेगळा. तो ड्रॅगन नाही, मॉन्स्ट्रॉसिटी आहे."

मॉन्स्ट्रॉसिटीचा अर्थ आईला सांगताना आमची जरा तारांबळच उडाली. आईचं माहेर सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. तिच्या लहानपणी नागपंचमीला गावात जिवंत नागांची मिरवणूक निघायची. पुढे वन्यजीव कायदा आणि न्यायालयाचे आदेश आले आणि तो सोहळा पार बदलला. पण आईच्या मनातलं शिराळं आहे तिथेच आहे. तिच्या लेखी नाग हा भाऊ. त्याच्यासाठी उपास धरायचा, त्या दिवशी काही चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही, आणि उकडलेल्या पुरणाच्या दिंडांवर दिवस काढायचा. आता भावाला 'राक्षसी प्राणी' म्हटल्यावर कुठली बहीण गप्प बसेल?

त्यात आणखी भर पडली. पुढच्या महिन्याच्या खेळात चिरंजीवांनी एक पडकं देऊळ योजलं होतं. त्यात एक नाग आहे, नागाखाली खजिना आहे, आणि मंडळींनी नागाला मारून तो लुटायचा आहे. हे कानावर येताच आईनं हातातला घास खाली ठेवला.

"मारायचा? का? त्यानं काय केलंय?"

"त्याच्याकडे ट्रेझर आहे ना."

"अरे, तो बसलाय म्हणून तर ते शिल्लक आहे!"

आईच्या माहेरच्या परसात पिंपळाखाली पुरलेल्या धनावर नाग आहे अशी वदंता होती. तीन पिढ्यांत कोणी तिथे कुदळ मारली नाही. धन होतं की नव्हतं, कोण जाणे. आमच्या सौ.चं मत असं की सासरच्या माणसांच्या आळसाला नागानं चांगलं कारण दिलं. (हे तिचं सासर नव्हे, आईचं माहेर, हे आम्ही लक्षात आणून दिलं, पण मत बदललं नाही.)

चिरंजीवांचा ग्रंथ आम्हीही उघडून पाहिला. २०१४ च्या आवृत्तीत दोन पायांचा वायव्हर्नही ड्रॅगनांच्याच वर्गात घातलेला आहे. एवढंच काय, समुद्रातलं एक प्रचंड कासव आहे, ड्रॅगन टर्टल, तेही ड्रॅगन! पंखांचा पत्ता नाही. नागाला मात्र प्रवेश नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "कासव चालतं, आणि नाग चालत नाही? कुणी केलाय हा कायदा?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होतं, कारण हा कायदा खरोखरच कुणीतरी केलेला आहे. चार पायांचा तो ड्रॅगन आणि दोन पायांचा तो वायव्हर्न, हा काटेकोर भेद ब्रिटनमधल्या सरदारांच्या ढालींवरची चिन्हं ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास पक्का केला. युरोपात इतरत्र त्याचं एवढं सोवळं कधीच नव्हतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाओलो उच्चेल्लोचं १४७० च्या सुमाराचं सेंट जॉर्जचं चित्र आहे. त्यातल्या ड्रॅगनला पाय दोनच आहेत, आणि तेवढ्यावरून त्याला कोणी जागेवरून उठवलेलं नाही. त्याच्याही मागे गेलं तर पाय मुळातच नाहीसे होतात. वेल्सच्या झेंड्यावरच्या लाल ड्रॅगनची सगळ्यात जुनी लेखी गोष्ट नवव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासात आहे: राजाचा बुरूज रोज रात्री ढासळतो, कारण पायाखालच्या तळ्यात एक लाल आणि एक पांढरा असे दोन प्राणी झुंजतायत. तिथे त्यांना आधी शब्द वापरलाय तो 'वर्मेस'. म्हणजे किडे, नाहीतर सरपटणारे जीव. पाय, पंख, ऐट, सगळं मागाहून आलं. आणि ग्रीक 'ड्राकोन' म्हणजे तर सरळसरळ मोठा सापच. भाषातज्ज्ञ त्या शब्दाचा संबंध पाहण्याच्या धातूशी जोडतात, तोच आपला 'दृश्'. रोखून पाहणारा तो ड्रॅगन. म्हणजे ड्रॅगन आणि दर्शन हे लांबचे चुलतभाऊ निघाले! आई यावर जाम खूश झाली. चिरंजीव म्हणाले, "पण रूल्स आर रूल्स."

मग आम्ही ईशान्येचा बेत केला. कारण बिनपायांचे, बिनपंखांचे आणि तरीही साऱ्या इंग्लंडात ड्रॅगन म्हणून गाजलेले प्राणी त्याच भागात दाटीनं आढळतात. त्यांना तिथले लोक 'वर्म'च म्हणतात. आजच्या इंग्रजीतलं गांडूळ नव्हे, जुन्या इंग्रजीतला 'विर्म', म्हणजे सर्प. 'बेओवुल्फ' या जुन्या काव्यातला खजिन्यावर बसलेला, उडणारा आणि आग ओकणारा ड्रॅगनही त्या काव्यात कधी 'ड्राका' असतो, कधी 'विर्म'.

पहिला मुक्काम डरहॅम. कॅथीड्रलविषयी लिहायला घेतलं तर संपादक दुसरा अंक मागतील, म्हणून ते सोडून देतो. आमचं काम तिथल्या संग्रहालयातल्या एका तलवारीशी होतं. तिला कॉन्यर्स फॉल्चिअन म्हणतात. तेराव्या शतकातली, रुंद पात्याची, साधारण ८९ सेंटिमीटर लांब. आपल्या कोयत्याची थोरली बहीण शोभेल अशी. टीस नदीकाठच्या सॉकबर्न गावच्या सर जॉन कॉन्यर्सनं हिनंच तिथला वर्म मारला, अशी कथा. त्याच्या वंशजांकडे जमीन होती ती एका अटीवर: डरहॅमचा नवा बिशप पहिल्यांदा आपल्या हद्दीत पाऊल टाकेल तेव्हा टीस नदीवर त्याला ही तलवार सादर करायची. बिशपनं ती हातात घ्यायची आणि शुभेच्छा देऊन परत करायची. एकोणिसाव्या शतकात ही रीत बंद पडली आणि १९८४ साली पुन्हा सुरू झाली. ड्रॅगन मारल्याचा पुरावा म्हणून सातबारा टिकवून धरणारं हे घराणं आम्हाला फार जवळचं वाटलं.

पण आमच्या खटल्यातला खरा साक्षीदार तलवार नव्हे, तिच्याबद्दलचं एक जुनं हस्तलिखित. त्यात या प्राण्याला एका दमात तीन नावं दिली आहेत: वायव्हर्न, आस्क किंवा वर्म. आस्क म्हणजे उत्तरेच्या बोलीत न्यूट, डबक्यात राहणारा पालीसारखा जीव. म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्याला पाय किती, पंख किती, याची फिकीरच नव्हती. माणसं खाल्ली ना त्यानं? मग पुरे. चिरंजीवांनी काचेवर नाक टेकवून तलवार पाच मिनिटं पाहिली आणि मान्य केलं, "ओके, देअर दे वर कन्फ्यूज्ड."

डरहॅमहून फॅटफील्ड दहा-बारा मैल. तिथली गोष्ट त्या भागात लहान मुलालाही पाठ असते. लॅम्टन घराण्याचा तरुण वारस देवळात जायचं सोडून रविवारी वेअर नदीवर मासे धरत बसला. (त्या घराण्याचं नाव लिहितात लॅम्ब्टन, पण त्यातला 'ब' बहुधा गिळतात.) गळाला मासा लागेना. लागलं ते एक काळपट, वळवळणारं काहीतरी, तोंडाच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ भोकं असलेलं. कंटाळून त्यानं ते विहिरीत फेकलं, पुढे वय वाढलं तशी सुबुद्धी आली आणि तो धर्मयुद्धावर निघून गेला. विहिरीतलं काहीतरी मात्र वाढत राहिलं. विहीर पुरेना तेव्हा बाहेर आलं, दिवसा नदीतल्या खडकाला आणि रात्री या टेकडीला विळखे घालून पडू लागलं. मेंढरं खाल्ली, गाईंचं दूध ओढलं, आणि अखेर लॅम्टनांच्या हवेलीशी येऊन ठेपलं. तेव्हा हवेलीच्या जुन्या कारभाऱ्यानं एक युक्ती काढली. अंगणातल्या दगडी कुंडात रोज नऊ गाईंचं दूध ओतायचं. दूध मिळालं की प्राणी मुकाट परत जायचा. एखाद्या दिवशी दूध कमी पडलं तर झाडं उपटायचा.

आम्ही टेकाडावर उभे राहून ही गोष्ट सांगत होतो. दुधापर्यंत आलो आणि आईनं आम्हाला थांबवलं.

"रोज? नऊ गाईंचं? मग नैवेद्यच की हा."

"नैवेद्य नाही आजी. हे... प्रोटेक्शन मनी. बाबा, मराठीत काय?"

"खंडणी."

"हां. खंडणी. घाबरून देतात."

आई थोडा वेळ नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आम्ही काय न घाबरता देत होतो? भीती असते म्हणूनच हात जोडले जातात. पण हात जोडले की रोजचं येणंजाणं सुरू होतं. पुढच्या वर्षी तोच नाग दिसला तर ओळख निघते."

नाग दूध पीत नाही, ते त्याला बाधतं, हे आता आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. तेव्हा आईच्या बाजूनं प्राणिशास्त्राची साक्ष काढायला आम्ही धजावलो नाही. पण नैवेद्य की खंडणी, हा मुद्दा आम्हाला पायांच्या मोजणीपेक्षा फार वजनदार वाटला. प्राणी तोच. सरपटणारा, पाण्याजवळचा, दुधावर शांत होणारा. फरक पडतो तो कुंड भरणारा माणूस मनात काय म्हणतो त्यानं. एवढं मात्र आम्ही तिथल्या तिथे आईला सुनावलं की आपल्याकडेही सगळं दूध-लाह्यांचं नाही. ऋग्वेदातला वृत्र हा पाणी अडवून बसलेला अहीच, आणि इंद्रानं त्याला वज्रानं फोडला. जनमेजयानं तर सर्पसत्र मांडून साऱ्या नागकुळाचीच आहुती चालवली होती.

"चालवली होती," आई म्हणाली. "आस्तिकानं थांबवलीन ना अर्ध्यावर? आणि कालियाला कृष्णानं मारला का? जा म्हणाला समुद्रात."

वकिलीत आईचा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही.

राहिलेली गोष्ट आम्हाला इंजिनिअर म्हणून आवडते, म्हणून तीही सांगतो. वर्मचे तुकडे केले की ते पुन्हा जुळायचे, त्यामुळे आलेले सगळे शूर वीर हकनाक मेले. धर्मयुद्धावरून परतलेला लॅम्टन एका जाणत्या म्हातारीकडे गेला. तिनं चिलखतावर बाहेरून भाल्यांची पाती बसवायला सांगितली, आणि लढायचं ते नदीच्या ऐन प्रवाहात. वर्मनं विळखा आवळला की तो आपणच चिरला जाणार, आणि तुकडे जुळायच्या आत पाण्याबरोबर वाहून जाणार. शत्रूचीच ताकद त्याच्यावर उलटवायची आणि जोडणीची वाट तोडायची! यात एक कलम मात्र वाईट होतं. काम झाल्यावर जो पहिला जीव समोर येईल त्याला मारायचं. शिंग फुंकल्यावर कुत्रा सोडायचा असं ठरलं होतं, पण मुलगा जिवंत आहे या आनंदात म्हातारा बापच धावत सुटला. मुलानं बापाला मारलं नाही, कुत्र्याला मारलं. शपथ मोडली, आणि नऊ पिढ्या एकाही लॅम्टनला अंथरुणात मरण येणार नाही असा शाप लागला. दुधाच्या गाई नऊ, शापाच्या पिढ्याही नऊ. हा हिशेब चिरंजीवांच्या आधी सौ.च्या लक्षात आला.

शेजारीच पेन्शॉ टेकडी आहे, तिच्यावर ग्रीक देवळासारखी छप्पर नसलेली एक काळवंडलेली वास्तू. १८४४ साली त्याच घराण्यातल्या पहिल्या अर्ल ऑफ डरहॅमच्या स्मरणार्थ बांधलेली. १८६७ साली न्यूकॅसलच्या एका पँटोमाइमसाठी या वर्मवर गाणं लिहिलं गेलं आणि त्यात विळखे पेन्शॉला घातले, तेव्हापासून बरेच लोक तीच खरी टेकडी धरून चालतात. आम्ही फॅटफील्डच्या बाजूचे. इतक्या थोरल्या टेकडीला विळखे घालायचे तर नऊ गाईंचं दूध कसं पुरावं?

दुसऱ्या दिवशी उत्तरेला बॅम्बरो. समुद्राकाठच्या काळ्या कातळावर किल्ला, आणि वारा असा की आईच्या पदरानं वेल्सच्या झेंड्याची जागा घेतली असती. इथून जवळच स्पिंडलस्टोन नावाचा कडा आहे, तिथली गोष्ट लेडली वर्मची. लेडली म्हणजे किळसवाणा. राजानं दुसरं लग्न केलं, सावत्र आईनं राजकन्येला वर्म करून टाकलं. ती त्या कड्याला वेटोळं घालून बसली आणि मुलूख उजाड करू लागली. इथेही तोच तोडगा: दगडी कुंडात रोज दूध, पण गाई सात. मग परदेशी गेलेला तिचा भाऊ परत येतो. तलवार उपसतो. वर्म त्याला म्हणतो, तलवार ठेव आणि माझं तीनदा चुंबन घे. तो घेतो, आणि समोर बहीण उभी राहते. सावत्र आईची होते बेडूक, ती म्हणे अजून किल्ल्याच्या विहिरीत आहे.

आई ही गोष्ट ऐकून वाऱ्यात तशीच उभी राहिली. "म्हणजे घरचीच निघाली," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "भाऊ आला होता ना. ओळखणारच."

चिरंजीवांनी पाय-पंखांचा विषय काढला नाही. किल्ल्याच्या दुकानातून त्यांनी एक वही घेतली आणि परतीच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसून तिच्यात काहीतरी खरडायला लागले. न्यूकॅसल मागे पडलं, डरहॅमची पाटी गेली. यॉर्कच्या आसपास आवाज आला.

"आजी, नाग खातो काय?"

"बेडूक, उंदीर. पण त्याच्यापुढे आपण लाह्या ठेवतो. आणि दूध."

"लाह्या म्हणजे पॉपकॉर्न?"

"तसंच. पण ज्वारीच्या."

"मग टेंपलच्या बाहेर एक दगडाचं भांडं असेल. रिकामं. त्यांनी ते भरलं तर नाग अटॅक करणार नाही, बोलेल. ट्रेझर कोणाचं आहे ते सांगेल. ओके?"

"ओके. कोणाचं आहे?"

"ते अजून ठरवायचंय." थोडा वेळ पेन्सिलीचा आवाज. "आणि समजा त्यांनी भरलंच नाही? आत घुसून डायरेक्ट तलवार काढली तर?"

"तर चावेल," आई म्हणाली. "नाग आहे तो."